आपापला तोरणा

सिंहगडाच्या कल्याण दरवाजाबाहेर उभं राहून नैऋत्येला पाहिलं, की स्वच्छ हवेत राजगड आणि तोरणा दोन्ही एका नजरेत मावतात. डावीकडे राजगडाचा बालेकिल्ला, उजवीकडे तोरण्याचा आडवा पसारा. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांच्या मावळ्यांनी सिंहगड घेतला, तेव्हा गडावर आग पेटवून राजगडाला खूण दिली, असं सांगतात. नजरेला हे अंतर एवढंच. पायांनी जायचं तर कल्याण दरवाजातून उतरून डोंगराची धार धरत विंझर गाठायचं, साखर आणि गुंजवण्यातून राजगडाच्या चोर दरवाजाला भिडायचं, पुढे संजीवनी माचीकडून अळू दरवाजाने बाहेर पडायचं, मधल्या सोंडेवरून भुतोंड्याची खिंड ओलांडायची, बुधला माचीवर चढायचं आणि तोरण्यावरून वेल्ह्यात उतरायचं. सिंहगडाच्या पायथ्यापासून मोजलं तर हे पन्नास किलोमीटरच्या आसपास जातं. शिवाय तिन्ही गड समुद्रसपाटीपासून तेराशे-चौदाशे मीटरवर, आणि दर गडाआधी कमावलेली सगळी उंची सोडून खाली यावंच लागतं.

पुण्यातले डोंगरवेडे या वाटेला एस-आर-टी म्हणतात. दोन-तीन दिवसांचा शिधा पाठीवर घेऊन, राजगडावर पद्मावतीच्या देवळात मुक्काम करून ती चालायची, ही जुनी रीत. आता थंडीत याच डोंगरांत रीतसर अल्ट्रा शर्यतही होते. शर्यतीविषयी माझं काही वाकडं नाही. वाटेवर खुणेच्या फिती असतात, ठिकठिकाणी पाणी आणि मीठ मिळतं, डॉक्टर असतात. अनोळखी माणसाला डोंगरात निर्धास्त धावता यावं म्हणून कितीतरी लोक रात्रभर जागतात. तरी आम्ही पाच जणांनी ठरवलं, की ही वाट शर्यतीबाहेर, आपली आपण, एका दिवसात करायची. नोंदणी नाही, छातीवर क्रमांक नाही, शेवटी पदक नाही. असं का ठरवलं ते त्या वेळी मला कुणी विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं. आज सांगता येईल, म्हणून हे लिहिते आहे.

पाच जण म्हणजे कोण? बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ, वय पन्नाशीला टेकलेलं. माझी एक मैत्रीण, भूलतज्ज्ञ. पंचविशीतला एक मुलगा, संगणकावर काम करणारा, आमच्यातला सगळ्यांत वेगवान. वेल्हे तालुक्यातला, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातला, टेंपो चालवणारा एक जण. त्याला आम्ही सगळेच दादा म्हणतो, आणि साखर गावात त्याचं आजोळ आहे. आणि मी. बँकेतल्या काकांनी या दिवसासाठी वर्षभर तयारी केली होती. पहाटे वेताळ टेकडी, रविवारी सिंहगड, कधी एकाच सकाळी दोनदा. रक्तातली साखर वाढल्याचं कळलं त्या आठवड्यात त्यांनी तोरण्याचं नाव घेतलं होतं, आणि पन्नासावं वर्ष सरायच्या आत ही वाट पुरी करायची असं मनाशी बांधलं होतं. घरी त्यांनी हे कुणाला फारसं सांगितलं नव्हतं. आम्हाला माहीत होतं.

आमची कल्पना नवी नव्हती. आमचा एक मित्र नोकरीसाठी इंग्लंडच्या उत्तरेला राहतो. तिथल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये बॉब ग्रॅहॅम राउंड नावाची वाट आहे. केझिक गावात अतिथिगृह चालवणाऱ्या बॉब ग्रॅहॅम नावाच्या माणसाने १९३२ च्या जूनमध्ये गावातल्या मूट हॉलच्या दारातून निघून ४२ शिखरं पार केली आणि २४ तासांच्या आत तो त्याच दारात परत आला. पायांत टेनिसचे बूट होते. मित्र आळीपाळीने सोबत होते. त्यानंतर ही फेरी २४ तासांत पुन्हा जमायला १९६० उजाडलं. आज दरवर्षी कितीतरी लोक ती करतात, पण तिची शर्यत भरत नाही. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा त्याने निघायचं. अट एवढीच, की प्रत्येक शिखरावर तुमच्याबरोबर कुणीतरी साक्षीला हवं. म्हणून रात्री-अपरात्री ओळखीपाळखीची माणसं दुसऱ्याचं पाणी आणि खाणं पाठीवर घेऊन डोंगरात धावतात. किलियन जोर्नेसारखा जगातला अव्वल धावपटू २०१८ मध्ये तिथे आला आणि १२ तास ५२ मिनिटांत फेरी पुरी करून गेला, तेव्हा त्याच्याबरोबरही स्थानिक धावपटू पाळीपाळीने होते. आमच्या मित्राने अशाच एका अनोळखी बाईच्या फेरीत रात्रीच्या टप्प्याला सोबत केली होती. तिचं सूप त्याच्या पाठीवर होतं. फोनवर हे सांगताना त्याचा आवाज ज्या तऱ्हेने भरून आला, त्यामुळे आमची बोलणी गप्पांतून ठरावाकडे गेली.

ठराव दादाने केला. कुणी एकटं पुढे जायचं नाही, कुणी एकटं मागे राहायचं नाही. कुणाला उतरावं लागलं तर दुसऱ्याने त्याच्याबरोबर उतरायचं. पेशवेकाळातल्या पत्रांमध्ये जासूद जोडी पाठवल्याचे उल्लेख सतत येतात. निरोप घेऊन पायी पळणारी माणसं दोघं-दोघं निघत. दादाने ही पत्रं वाचलेली नव्हती. रात्री रानात जनावर शोधायला दोघांनी जायचं, ही त्याच्या घरची रीत होती.

नोव्हेंबर संपत आला होता. सिंहगडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीतून निघालो तेव्हा अंधार होता आणि हेडलॅम्पच्या उजेडात स्वतःचा श्वास दिसत होता. इथे एक सांगायला हवं. डोंगरातल्या लांब पल्ल्याला धावणं म्हणतात, पण उभ्या चढावर कुणी धावत नाही. हात गुडघ्यांवर ठेवून, पावलं लहान करून, बोलता येईल एवढ्याच वेगाने चढायचं असतं. धावायचं ते सपाटीवर आणि उतारावर. शरीर मोडतं ते उतारावर. मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन तोलून धरतात, त्यांचे तंतू बारीक-बारीक तुटतात, आणि काही तासांनी साधी पायरी उतरणंही जड जातं. म्हणून जाणती माणसं पहिल्या उतारावर हात राखून उतरतात. कल्याण दरवाजातून खाली जाताना मुलगा वाऱ्यासारखा सुटला. दर वळणावर थांबून आमची वाट पाहायचा, आम्ही दिसलो की पुन्हा सुटायचा.

उजाडताना कल्याण गावाच्या वाटेवर एक मावशी डोक्यावर दह्याची पाटी घेऊन गडाकडे चढताना भेटल्या. पायांत साध्या चपला, दोन्ही हात मोकळे. आम्ही बाजूला झालो. गडावरचं जे मटक्यातलं दही पुणेकर इतक्या प्रेमाने खातात ते असं चढतं. डोंगरात धावणाऱ्या लोकांच्या बोलण्यात मावळ्यांचा वारसा वगैरे शब्द फार लवकर येतात. मला ते पटत नाहीत. मावळे जिवावर उदार होऊन आणि गरजेपोटी पळाले. आम्ही सुट्टीच्या दिवशी, हौसेने. वारसा कुणाकडे असेलच तर तो त्या मावशींच्या मानेत आणि घोट्यांत आहे.

धारेवरून विंझरपर्यंतचं अंतर लांब होतं आणि सुरेख गेलं, त्याविषयी फार सांगण्यासारखं नाही. गवत पिवळं पडलेलं, कारवी सुकायला लागलेली, ढोरवाटा एकमेकींत घुसलेल्या. दादा नसता तर आम्ही निदान दोन ठिकाणी चुकीच्या सोंडेवर उतरलो असतो. साखरेत त्याच्या मामींनी भाकरी आणि मिरचीचा ठेचा हातावर ठेवला. बाकी सगळ्यांनी खाल्लं. मुलाने खाल्लं नाही. त्याच्याकडे परदेशी गोड जेलच्या पुड्या होत्या, आणि पाठीवरच्या पिशवीची नळी सतत तोंडात होती. दर विहिरीला, दर नळाला तो पिशवी पुन्हा भरत होता. पाणी चुकवायचं नाही, हे त्याने कुठेतरी वाचून पक्कं केलं होतं.

गुंजवण्याकडून चोर दरवाजाची वाट म्हणजे शेवटी हाताने धरून चढायची. वर पद्मावती तलावाशी पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. राजगडावर मला नेहमी थोडा वेळ गप्प राहावंसं वाटतं. रायगडाआधी पंचवीसेक वर्षं राज्याचा कारभार इथून चालला. सईबाईंची समाधी इथे आहे. आम्ही मात्र तिथे दहा मिनिटंही थांबलो नसू. संजीवनी माचीला लागलो. दुहेरी तटबंदीमधल्या त्या चिंचोळ्या वाटेने पळताना दोन्ही बाजूंना भिंती, वर आभाळाची पट्टी. इतक्या सुंदर बांधणीतून धावायला मिळावं याचा मला खरोखर हर्ष झाला होता. आणि तिथेच मैत्रीण माझ्या कानाशी म्हणाली, "तो बोलत नाहीये. पाहिलंस?"

मी पाहिलं नव्हतं. मुलगा आता पुढे सुटत नव्हता. आमच्या मधोमध, मान खाली घालून चालत होता. दमलाय, एवढंच मला वाटलं असतं. ती मात्र दिवसाचे आठ तास बेशुद्ध माणसांचे श्वास ऐकत बसणारी बाई आहे. तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. मनगटावरचं घड्याळ मांसात रुतलं होतं, बोटं फुगली होती.

अळू दरवाजातून उतरलो आणि मधल्या सोंडेला लागलो. वाटेत धनगराच्या घरी ताक मिळालं. मैत्रिणीने मुलाच्या पेल्यात मुठीने मीठ टाकलं आणि प्यायला लावलं. तो निम्मं प्यायला, बाहेर जाऊन ओकला, आणि पुन्हा पाण्याच्या नळीकडे हात नेला. तिने नळी काढून घेतली.

हे लोकांना माहीत असायला हवं, म्हणून सविस्तर सांगते. घामातून पाण्याबरोबर मीठही जातं. वर नुसतं पाणी पीत राहिलं, शरीराला बाहेर टाकता येईल त्याहून जास्त प्यायलं, की रक्तातलं सोडियम विरळ होतं. हातपाय सुजतात, मळमळतं, डोकं दुखतं, पुढे माणूस गोंधळतो. फारच झालं तर झटके येतात, जीवही जातो. अशा वेळी तो उन्हाने कोरड्या पडलेल्या माणसासारखाच दिसतो, आणि सोबतचे लोक काळजीने त्याला आणखी पाणी पाजतात. धोका नेमका तिथे आहे. तहान लागेल तसं प्यावं, बरोबर खारट काहीतरी खात राहावं, इतकं साधं त्याचं उत्तर आहे. मामींच्या ठेच्यात त्या दिवशी ते होतं.

भुतोंड्याच्या खिंडीत डांबरी रस्ता सोंडेला छेदून जातो. तिथे पोचलो तेव्हा दुपार कलली होती. समोर तोरण्याचा चढ उभा होता. मैत्रिणीने मुलाला विचारलं, "सकाळी गाडी कुठे लावलीस रे?"

"खाली."

"खाली कुठे?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, तोरणाच राहिलाय फक्त."

"तू इथून उतरायचंस."

"नाही."

ती पुन्हा म्हणाली. तो पुन्हा नाही म्हणाला आणि चढाच्या दिशेने चालायला लागला. दादाने त्याचा दंड धरला, त्याने सोडवून घेतला. शर्यतीत हे असं झालं नसतं. तिथे कट-ऑफ असतो, टेबलामागे बसलेला माणूस असतो, तो क्रमांक काढून घेतो आणि विषय संपतो. धावणारा चिडतो, पण मानतो, कारण निघतानाच त्याने त्या माणसाला तो अधिकार दिलेला असतो. आमच्यापैकी कुणाला कुणावर असा अधिकार नव्हता. मोठ्या आवाजात बोलणं एवढंच काय ते हाती होतं, आणि गोंधळलेल्या माणसाला मोठा आवाज केवळ आवाज म्हणून ऐकू येतो.

बँकेतले काका एवढा वेळ काहीच बोलले नव्हते. ते रस्त्याच्या कडेला बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. दोन्ही बूट काढले, मोजे काढले, आत गेलेली कुसळं उपटली, मोजे बुटांत खुपसले आणि बूट बाजूला ठेवले.

"माझं झालं," ते म्हणाले. "मी इथून उतरतोय."

मुलगा थांबला. "तुम्ही का काका?"

"तू उतरणार. एकटा कसा उतरशील? आपलं ठरलंय ना."

त्यांचे पाय उत्तम होते. त्या दिवशी आमच्यात सगळ्यांत ताजे तेच होते, हे पाचही जणांना दिसत होतं. मुलालाही, त्या अवस्थेत. तो काही क्षण चढाकडे बघत उभा राहिला आणि मग त्यांच्याशेजारी येऊन बसला. त्यांनी त्याच्या बुटाची नाडी सोडली.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला आहे. ज्यावर कुणी नेमलेलं नाही अशा साहसात मित्राला थांबवण्यासाठी माणसाकडे आपल्या स्वतःच्या वाट्याशिवाय काहीच नसतं. तो खर्च केला तरच दुसऱ्याला आपलं म्हणणं ऐकू जातं. काकांनी वर्षभर पहाटे उठून जे जमवलं होतं ते एका नाडीच्या गाठीबरोबर सोडून दिलं, आणि तेही मुलाला उपकार वाटू नये अशा बेताने. त्यांच्या चेहऱ्यावर त्यागाचा भाव शोधून सापडला नसता. कुसळं काढण्यात ते खरोखरच गुंतले होते. आम्ही शर्यतीबाहेर का निघालो ते मला त्या खिंडीत कळलं. एकमेकांच्या भरवशावर उभं राहायची अशी वेळ शहरात वर्षानुवर्षं येत नाही. तिथे सगळ्याला खिडकी आहे, पावती आहे, तक्रार करायची सोय आहे. आपल्या माणसाची मान पडली, हात फुगले, हे आपणच ओळखायचं आणि त्याची किंमतही आपणच मोजायची, असं नातं मला कुठेतरी हवं होतं. मिळालं तेव्हा भीती वाटली, हेही खरं.

मैत्रीण अर्थातच त्यांच्याबरोबर उतरली. दादाने फोन करून चुलत भावाचा टेंपो खिंडीत बोलावला. आता दादा आणि मी उरलो. आम्हीही उतरतो, असं मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. काकांनी ऐकून घेतलं नाही. "तुमची जोडी आहे ना? मग जा. आणि मेंगाईला माझा नमस्कार सांगा."

आम्ही गेलो. ते बरोबर होतं असं मला वाटतं. सगळेच उतरलो असतो तर त्या मुलाच्या खांद्यावर चार जणांचा दिवस बसला असता, आणि ते ओझं पुढे कितीतरी वर्षं उतरलं नसतं. बुधला माचीचा चढ घसाऱ्याचा आणि नंतर कातळाचा आहे. थकलेल्या पायांनी तिथे बोलणं शक्य नव्हतं, त्यामुळे बोललो नाही. दादा दर कठीण पावलापाशी वळून माझं पाऊल टेकेपर्यंत थांबत होता. वर आलो तेव्हा सूर्य बुडायच्या बेतात होता आणि राजगड मागे पूर्ण दिसत होता, संजीवनी माचीच्या वळणांसकट. गडावरच्या मेंगाई देवीच्या देवळात नमस्कार केला, दोन आपले आणि तीन निरोपाचे. वेल्ह्याचा उतार हेडलॅम्प लावून उतरलो. मांड्या इतक्या भरून आल्या होत्या, की शेवटचा टप्पा मी दर पायरीला अंग आडवं वळवून, कठड्याला धरून उतरले.

खाली एका खानावळीच्या बाकावर तिघं बसले होते. मुलाची सूज उतरायला लागली होती, घड्याळ सैल झालं होतं, आणि मैत्रिणीने दिलेलं खारट सूप संपवून तो पिठलं-भाकरी खात होता. गाडी आतकरवाडीच्या पारापाशी, निळ्या टपरीच्या मागे लावली आहे, असं त्याने न विचारता सांगितलं. काकांनी मेंगाईविषयी विचारलं. मुलगा रात्री परतताना टेंपोत त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपला.

आता पुढच्या थंडीवरून वाद चालू आहेत. मुलाचं म्हणणं, त्याने आणि काकांनी भुतोंड्याच्या खिंडीतून निघून तेवढा राहिलेला तोरणा करावा, म्हणजे वाट पुरी होईल. काकांना ते मुळीच मान्य नाही. करायची तर आतकरवाडीपासून, आणि पाचही जणांनी. मैत्रिणीची अट आहे, की दर गावात ती हातावर ठेवेल ते सगळ्यांनी तिच्यासमोर खायचं. दादाने मध्येच उलटं काढलं आहे: वेल्ह्यातून सुरू करू, ताज्या पायांनी तोरणा आधी उरकू, मग पुढे काय व्हायचं ते होईल. काका म्हणतात, मग बुधल्याचा कातळ अंधारात उतरायला लागेल आणि कल्याण दरवाजाचा चढ शेवटी उन्हात येईल, ते शहाणपणाचं नाही. मुलगा या मुद्द्यावर दादाच्या बाजूला गेला आहे. मी अजून मत दिलेलं नाही. साखरेच्या मामी दोन्ही बाजूंनी वाटेतच लागतात.